स्वयंप्रतिकार रोग आणि पुरुषांचे लैंगिक आरोग्य

ज्या आजारांत प्रतिकारशक्ती शरीराच्याच पेशींवर हल्ला करते, त्यांना स्वयंप्रतिकार किंवा ऑटोइम्यून रोग म्हणतात.

• ताठरतेचा अभाव, म्हणजे संभोगापुरती ताठरता न येणे वा न टिकणे, आणि वंध्यत्व या वेगळ्या बाबी असून एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

• त्वचा कठीण करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये शिश्नाच्या सूक्ष्म धमन्या अरुंद झाल्याने, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा झाल्याने, तर मणक्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये बहुधा वेदना, ताठलेली कंबर व थकवा यांमुळे ताठरतेत अडचण येते.

• या रोगांवरील औषधांपैकी सल्फासॅलॅझिनमुळे शुक्राणू घटतात, परंतु शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागत असल्याने औषध थांबवल्यावर साधारणतः २ ते ३ महिन्यांत संख्या सुधारते. सायक्लोफॉस्फमाइडमुळे होणारी हानी मात्र कायमची ठरू शकते, म्हणून ते सुरू होण्यापूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याच्या सोयीची माहिती रुग्णाला मिळणे अत्यावश्यक असते.

• ताठरतेसाठी १९९८ पासून वापरात असलेले सिल्डेनाफिल हृदयविकारावरील नायट्रेट औषधांसोबत घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो.