संगणक म्हातारा नाही, त्याची डिस्क संथ आहे

सहा-सात वर्षांचा संगणक सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेत असेल, तर दोष बहुतेकदा प्रोसेसरचा नसतो. हार्ड डिस्कचा असतो. तिच्या आत चकत्या फिरतात, मिनिटाला 5,400 किंवा 7,200 वेळा. माहितीपर्यंत पोचायला वाचणारा दांडा आधी सरकतो, मग चकतीचा नेमका भाग खाली येईपर्यंत थांबतो. 7,200 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हा थांबा सरासरी 4 मिलिसेकंदांहून थोडा जास्त. ऐकायला क्षुल्लक, पण विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे वाचावे लागतात आणि दर वेळी हीच पायपीट. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे हा थांबाच उरत नाही. म्हणूनच साध्या घरगुती कामासाठी आधी डिस्क बदलावी, असे माझे मत.

खरेदीआधी मदरबोर्ड पाहा. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक संगणकांत बसते. एम.2 ची पट्टी मात्र फसवी: साटा आणि एनव्हीएमई दिसायला जवळपास सारख्याच, पण प्रत्येक खाच दोन्ही स्वीकारत नाही. (दुकानदार ‘चालेल हो’ म्हणाला, तरी मॅन्युअल उघडावे.) क्लोनिंगने जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवता येते, त्याआधी फोटोंचा बॅकअप वेगळा घ्या. स्क्रू काढणे त्यामानाने किरकोळ.

जुनी डिस्क भंगारात देणार असाल, तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. त्यात फक्त फायलींची यादी पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो. आधी संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्या, मगच ती घराबाहेर काढा.