‘मादी कळी’ नुसती मादी नसते

कुर्डुवाडीच्या आसपास डाळिंबाचा बहार फुटला की बागेत पहिली चर्चा कळीची होते. नर कळी किती, मादी कळी किती, सेटिंग, म्हणजे फळधारणा, कशी आहे? फुलाच्या भागांचा धडा शाळेत जास्वंदीवर शिकवतात. माढा तालुक्यात मात्र तो घरखर्चाशी जोडलेला आहे, म्हणून त्यातले गैरसमज महागात पडतात.

मादी कळीत फक्त मादीचे अवयव असतात, हा पहिला गैरसमज. वस्तुस्थिती अशी की ही कळी द्विलिंगी असते. ती बुडाशी फुगीर असते, कारण तिथे पूर्ण वाढलेला अंडाशय असतो. त्याच्यावर कुक्षीवृंत आणि टोकाला परागकण धरून ठेवणारी चिकट कुक्षी, हे झालं जायांग. त्याच फुलात भोवताली शेकडो पुंकेसर म्हणजे पुमंगही असतं. नर कळी बुडाकडे निमुळती होते. तिच्यात पुंकेसर धडधाकट असतात, पण अंडाशय खुरटलेला असतो. त्यामुळे तिला फळ धरणं शक्यच नसतं.

‘झाडाखाली कळ्यांचा सडा पडला म्हणजे रोग आला’ हे त्यामुळे सरसकट खरं नाही. नर फुलं उमलून, पराग देऊन गळणारच. गळालेली कळी उचलून बूड बघावं, शक्य असल्यास उभी चिरावी. निमुळत्या कळ्याच जास्त असतील तर औषधाच्या दुकानात धाव घेण्याचं कारण नाही. फुगीर बुडाच्या कळ्या गळत असतील तर मात्र पाणी, अन्नद्रव्यं, फुलकिडे आणि परागीभवन हे सगळं तपासायला हवं. नर कळी फुकट जाते असंही म्हणतात. तेही चूक, कारण तिचे परागकण सशक्त असतात आणि मधमाशी बागेत टिकून राहते ती या फुलांमुळेही.

मधमाशीचं काम इथे नीट समजून घेतलं पाहिजे. एका फुलाला एक परागकण मिळाला की फळ तयार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात अंडाशयात शेकडो बीजांडं असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र परागकण लागतो. परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची नळी कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडापर्यंत पोहोचते. फलन झालेल्या एका बीजांडाचा एक दाणा होतो. फलन कमी झालं की दाणे कमी, आणि फळ लहान किंवा वेडंवाकडं. भर फुलोऱ्यात, मधमाशा फिरत असताना कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्याच फळातले दाणे कमी करणं आहे. हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आपण खातो तो लालबुंद रसाळ भागही गर नव्हे. ते बीजावरणाचं बाहेरचं मांसल अस्तर आहे.

डाळिंबाचा मुकुट पाकळ्यांचा असतो, हाही समज ऐकू येतो. पाकळ्या आतल्या असतात, पातळ आणि चुरगळलेल्या. त्या गळून जातात. मुकुट असतो तो जाड, चिवट निदलांचा. कळीला जपणारा हा निदलपुंज फळ पिकलं तरी सुटत नाही. बाजारातून आणलेल्या डाळिंबाच्या मुकुटात डोकावलं, तर वाळलेले पुंकेसर आजही दिसतील. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं सोलापूरचं डाळिंबही याला अपवाद नाही.

असे गैरसमज डाळिंबापुरतेच नाहीत. सूर्यफूल हे एक फूल नसून फुलांचा समूह आहे. कडेच्या पिवळ्या ‘पाकळ्या’ ही वांझ फुलं, तर मधल्या चकतीतल्या प्रत्येक बारीक फुलाचं एक बी होतं. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळतं, हे कोवळ्या वयापुरतंच खरं. पूर्ण उमलल्यावर ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर राहतं. करडई आणि झेंडू हेही असेच समूह आहेत.

राहिली ज्वारी. तिला फूलच येत नाही असं वाटतं, कारण पाकळी म्हणजेच फूल असं आपण धरून चालतो. पाकळी कीटकाला बोलावते. ज्वारीचं काम बहुतांशी स्वतःच्याच परागावर आणि थोडंफार वाऱ्यावर भागतं, त्यामुळे तिला पाकळीची गरज नाही. पुंकेसर आणि पिसासारखी कुक्षी मात्र तिच्यातही आहेत. फुलोऱ्यातल्या कणसाला पहाटे हात लावला तर बोटांना पिवळी धूळ लागते. कणीस शेंड्याकडून बुडाकडे काही दिवसांत उमलत जातं, आणि म्हणूनच शेंड्याचे दाणे आधी भरतात, बुडाचे मागून.