शनिवारच्या बारा बियर

टेक्सासमधल्या आमच्या दवाखान्यात छपरं घालणारा एक मेक्सिकन गृहस्थ येत असे. यकृत सुजलेलं. "किती घेता?" "फक्त शनिवारी, डॉक्टर." शनिवारी बारा बियर!

मंडळी, हिस्पॅनिक समाजात दारूला न शिवणारे गोऱ्यांपेक्षा जास्त आहेत. (आपल्या पार्ट्यांत हे कुणाला पटत नाही.) पण पिणारे एका बैठकीत जास्त पितात. बारा औंसांची बियर म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. पुरुषाने दिवसात ५ आणि बाईने ४ घेतल्या की ते अतिमद्यपान. इथे रुळल्यावर बायकांचं पिणंही वाढतं.

२००४-०५ च्या राष्ट्रीय पाहणीत दुकानात, नोकरीत, दवाखान्यात वंशावरून कशी वागणूक मिळाली हेही विचारलं होतं. भेदभाव सोसलेल्या हिस्पॅनिकांत दारूच्या तक्रारी अधिक दिसल्या. आधी काय, नंतर काय, हे अशा एका पाहणीतून ठरत नाही. तरी गिळलेला अपमान कुठेतरी उतरतोच, असं मला वाटतं.

मी मात्र वर्षभर "कमी प्या" एवढंच लिहीत होतो. शेवटी शुक्रवारचं विचारलं. शुक्रवारी पगार. मुकादम तास कापतो, वर सगळ्यांदेखत "परत जा तुझ्या देशात" म्हणतो. गृहस्थाचा जन्म टेक्सासचाच.