शोभिवंत रेडिएटर आणि खोलीची ऊब

ब्रिटनसारख्या थंड देशांतील बहुतेक घरांत एका बॉयलरमध्ये पाणी तापवून ते नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरविले जाते. खोलीत ज्या पोकळ धातूच्या साधनातून हे पाणी वाहते, त्यास रेडिएटर म्हणतात. या नावाचा अर्थ ‘प्रारण करणारा’ असा असला, तरी त्यातील बरीचशी उष्णता अभिसरणाने पसरते. त्याला लागून असलेली हवा तापून वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते. म्हणूनच नेहमीच्या रेडिएटरच्या पाठीमागे पत्र्याच्या घड्या जोडून हवेला अधिक पृष्ठभाग उपलब्ध करून दिलेला असतो.

अलीकडे या साध्या पत्र्याऐवजी उंच उभ्या नळ्यांचे किंवा चकचकीत क्रोमचे शोभिवंत रेडिएटर बसविण्याची आवड वाढली आहे. त्यांपैकी अनेकांत अशा घड्या नसतात. शिवाय क्रोमच्या पृष्ठभागातून प्रारण कमी होते. परिणामी आकार तेवढाच असूनही उष्णता कमी मिळू शकते. यास्तव खोलीचे आकारमान, खिडक्या व भिंती विचारात घेऊन प्रथम आवश्यक उष्णता वॅटमध्ये काढावी लागते. उत्पादकाने दिलेला आकडाही पारखून घ्यावा. युरोपीय मानकानुसार तो आत येणारे पाणी ७५° से., बाहेर जाणारे ६५° से. आणि खोली २०° से. असताना मोजतात, म्हणजे पाणी व खोली यांत सरासरी ५० अंशांचा फरक असतो. उष्णता-पंपावर चालणाऱ्या घरात हा फरक ३० अंशांवर आला, तर तोच रेडिएटर जवळजवळ निम्मीच उष्णता देतो.

बसविण्यापूर्वी पाणी थंड होऊ देऊन दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करतात व जुना रेडिएटर रिकामा करतात. उंच रेडिएटर पाण्याने भरल्यावर जड होतो. पोकळ भिंतीत त्याचा भार आतील लाकडी खांबांवरच घ्यावा लागतो. नव्या पाण्यात धातूंना मानवेल असे गंजरोधक द्रव्य मिसळून वरच्या तोंडातून अडकलेली हवा काढून टाकतात. अखेरीस बॉयलरजवळच्या रेडिएटरांच्या परतीच्या झडपा थोड्या आवळतात. अन्यथा पाणी जवळच्या सोप्या वाटेने परत फिरते. ही शेवटची जुळणी राहून गेली, तर दिवाणखान्यातील देखण्या रेडिएटरपायी घराच्या दूरच्या टोकाला असलेली निजण्याची खोली गारठलेलीच राहते.