दप्तर आणि संगणक : लेखांक सातवा – कंस केलेले नाव

मागील लेखांकात आपण माहितीच्या तक्त्यांची रचना पाहिली. आज त्या तक्त्यातील एखादी नोंद नाहीशी झाली असता ती परत कशी मिळवावी, आणि ती नाहीशीच होऊ नये म्हणून संगणकास आज्ञा कशी द्यावी, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी धरमतर खाडीच्या मुखाशी, करंजाच्या समोर वसलेल्या रेवसचा सातबारा मी मुद्दाम निवडला आहे. कारण ज्या अलिबाग तालुक्यात 1933 पासून 1939 पर्यंत चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेते ओस ठेवून संप लढविला, तेथे कागदावर कुळाचे नाव असणे वा नसणे ही केवळ कारकुनी बाब कधीच नव्हती.

हस्तलिखित दप्तरात तलाठी जुने नाव खोडून टाकीत नसे. त्यास कंस करी, नवे नाव लिही आणि शेजारी फेरफार क्रमांक घाली. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा उघडला, की बदल खरेदीने झाला, वारसाने की वाटपाने, हे कळे. शिवाय नोंद घालताच ती पक्की होत नसे. हितसंबंधितांस नोटीस जाई, हरकतीची मुदत सरे, आणि मगच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करी.

संगणकातही हीच तजवीज आहे, मात्र ती सक्तीची नाही. आज्ञा व्यवहाराच्या चौकटीत दिली, तर ‘कमिट’ म्हणेपर्यंत ती अप्रमाणित फेरफारासारखी कच्ची राहते आणि ‘रोलबॅक’ म्हणताच निष्प्रभ होते. समजा, रेवसच्या गट क्रमांक 45 मधील एक चुकीची ओळ काढावयाची आहे आणि अटीत गट क्रमांक लिहिला, पण गाव लिहावयाचे राहिले. गट क्रमांक गावापुरताच एकमेव असतो. तेव्हा ती ‘डिलीट’ आज्ञा तालुक्यातील प्रत्येक गावच्या 45 क्रमांकाच्या गटावर चालेल, आणि यंत्र हूं की चूं करणार नाही. म्हणून तीच अट प्रथम ‘सिलेक्ट’ला लावावी, किती ओळी येतात ते मोजावे, अपेक्षित संख्येशी ताडून पाहावे, आणि मगच पुढे जावे. ज्यास केवळ पाहावयाचे आहे, त्यास लिहिण्याचा अधिकारच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही घात झालाच, तर पहिले काम म्हणजे लेखन थांबविणे. पुसलेली ओळ पुष्कळदा काही काळ डिस्कवर शिल्लक असते, आणि नवे लेखन तिच्यावर चढते. आधी राखून ठेवलेली जुनी प्रत (बॅकअप) चालू दप्तरावर कदापि उतरवू नये, कारण मधल्या काळातील इतरांचे प्रमाणित फेरफार तिच्याखाली गाडले जातील. ती निराळ्या जागी उभारावी, संगणकाने ठेवलेली व्यवहारांची रोजनिशी (लॉग) चुकीच्या क्षणाच्या अगोदरपर्यंत तिच्यावर चालवावी, आणि हरवल्या तेवढ्याच ओळी उचलून आणाव्यात. पण ती प्रत खरोखर उघडते ना, हे आधीच पाहिलेले असावे: 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या परदेशी कंपनीत मुख्य विदागारच चुकून पुसले गेले, तेव्हा योजलेले रक्षणाचे उपाय एकामागून एक निकामी निघाले आणि सुमारे 6 तास जुन्या प्रतीवर भागवावे लागले.

सातबाराच्या बाबतीत मात्र ओळ परत मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 ने दिलेला आहे. त्याखालील आदेशावाचून संगणकचालकाने ती ओळ गुपचूप जागेवर बसविली, तर तीही बिनफेरफाराची नोंदच ठरेल. रोजनिशीची रचना पुढील लेखांकी पाहू.