चन्याची मर : इलाज पेरणीआधीच

चना चांगला वाढत असतो आणि एक दिवस वावरात मधेमधे झाडे माना टाकलेली दिसतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण ओलीत करतो, तरी झाड वाळतेच. असे झाड उपटा आणि बुडाजवळचे खोड उभे चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर मर रोग समजा. फ्युजेरियम ही बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. वरून कितीही फवारा, उपयोग नाही.

ही बुरशी चना नसतानाही जमिनीत ६ वर्षांपर्यंत टिकते. त्यात हुडकेश्वरकडे शहर पसरले, वावरांचे प्लॉट पडले. उरलेल्या तुकड्यात दरसाल चनाच घेतला, की रोग तिथेच घर करतो. म्हणून फेरपालट हवीच.

दुसरा इलाज ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीचा. ती रोगाच्या बुरशीला विळखा घालते, तिचे कवच विरघळवून तिच्यावरच जगते. पण ती मुळाशी आधी पोचली पाहिजे. वाळलेलं झाड ती उठवत नाही, बरं का!

एकरी ३० किलो बियाणे धरा. किलोला ५ ग्रॅमप्रमाणे १५० ग्रॅम भुकटी लागते. बियाणे ताडपत्रीवर पसरा, किंचित पाणी शिंपडा, भुकटी हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक सोबत मिसळू नका, मित्रबुरशीच मरेल.

रोगट वावरात एकरी २ किलो भुकटी १०० किलो शेणखतात मिसळा, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाका आणि पेरणीआधी जमिनीत मिसळा. खत पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या खतावर मानकुजव्याची बुरशी पोसते.

पाकिटातला माल जिवंत असतो. मुदत पाहूनच घ्या. दुकानात उन्हात पडलेले पाकीट नको. वाणही पाहून निवडा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा जाकी ९२१८ हा मर रोगाला प्रतिकारक आहे.

गावकारभाऱ्यांनाही सांगणे आहे : पेरणीआधी चावडीवर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवा. झाडे वाळल्यावर पंचनामा करण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.