प्रशिक्षकाला नारळ दिला, गोल कोण करणार?

17 जून 2024 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना नारळ दिला. निर्णय बरोबर होता, हे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण तो चुकीच्या वेळी झाला आणि त्यानंतर जे करायला हवे होते ते झालेच नाही. 2019 ते 2025 या सहा-सात वर्षांत आपल्याकडे ‘प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चेला आला. प्रत्येक वेळी माणूस बदलला किंवा बदलला नाही, संघ मात्र खाली खालीच गेला. म्हणून हा मागोवा.

सुरुवात जानेवारी 2019 ची. आशियाई चषकात थायलंडला 4-1 ने हरवून आपण सगळ्यांना चकित केले होते. बहारीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती आणि 90 मिनिटे 0-0 टिकलीही. इंज्युरी टाइममध्ये आपल्या पेनल्टी क्षेत्रात फाउल झाला, पेनल्टीवर गोल झाला आणि आपण बाहेर पडलो. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी सामना संपल्यावर लगेच राजीनामा दिला. त्यांना काढायचे की नाही हा प्रश्नच उरला नाही.

मे महिन्यात स्टिमॅच आले. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा हा बचावपटू नंतर त्याच देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला होता. एवढ्या नावाचा माणूस आपल्याकडे येतोय याचे अप्रूप होते. नुसते लांब चेंडू मारायचे नाहीत, पायात चेंडू ठेवून खेळायचे, असे त्यांनी पहिल्यापासून सांगितले. सप्टेंबर 2019 मध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध आपण 82 व्या मिनिटापर्यंत 1-0 ने पुढे होतो, शेवटी 1-2 हरलो. पाचच दिवसांनी दोहामध्ये आशियाई विजेत्या कतारला त्यांच्या घरात 0-0 वर रोखले, तेही आजारी सुनील छेत्रीशिवाय. त्या रात्री गुरप्रीतसिंग संधू गोलसमोर भिंतीसारखा उभा होता. या माणसाला वेळ द्यायला हवा, असे वाटायला लावणारी ती रात्र होती.

मग कोलकात्यात बांगलादेशाने जवळपास हरवलेच. गोव्याच्या आदिल खानने 88 व्या मिनिटाला हेडर मारून 1-1 केले नसते, तर काढाकाढीची भाषा तेव्हाच सुरू झाली असती. करोनानंतर मार्च 2021 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने सहा गोल चढवले. तरी करार वाढत राहिला.

2023 हे वर्ष मात्र नीट तपासायला हवे, कारण सगळा घोळ तिथे झाला. इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बेंगळुरूचा सॅफ चषक असे तीन चषक त्या वर्षी आपण जिंकले. सॅफमध्ये लेबनॉन आणि कुवेतला पेनल्टी शूटआउटवर हरवले. जुलैमध्ये फिफा क्रमवारीत भारत 99 वा झाला. आनंद खराच होता, मीही तो मनापासून साजरा केला. पण तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर होत्या. प्रतिस्पर्ध्यांत मंगोलिया, वनुआतू, नेपाळ होते. आणि सॅफच्या बाद फेरीत कस लागला तेव्हा निकाल पेनल्टीवर आले, खेळातून फारसे गोल आले नाहीत.

सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या एशियाडला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी पोचला, कारण क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. चीनने पाच गोल केले. त्याच महिन्यात आणखी एक बातमी फुटली. आशियाई चषकाच्या 2022 च्या पात्रता सामन्याआधी संघनिवडीबाबत एका ज्योतिषाचा सल्ला घेतला गेला होता. राष्ट्रीय संघाच्या निवडीत पत्रिका पाहिली जात असेल, तर ती चौकशीची बाब आहे. त्याऐवजी ऑक्टोबर 2023 मध्ये महासंघाने स्टिमॅच यांचा करार थेट जून 2026 पर्यंत वाढवला. आशियाई चषक तीन महिन्यांवर आला होता. थांबून, निकाल पाहून ठरवता आले असते. आणि मुदतीआधी मोकळे करण्याची धड तरतूदही त्या करारात केली नव्हती.

चषकात काय झाले ते आठवायलाही नको वाटते. ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन सामन्यांत एकही गोल नाही. अन्वर अली, आशिक कुरुनियन आणि जॅक्सन सिंग दुखापतींमुळे नव्हते, शिबिराला हवे तेवढे दिवस मिळाले नव्हते. या स्टिमॅच यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण 270 मिनिटांत एकदाही जाळे हलत नाही, तेव्हा प्रशिक्षकाकडे दुसरी योजना काय होती, हे विचारावेच लागते.

26 मार्च 2024, गुवाहाटी. विश्वचषक पात्रतेत छेत्रीचा 150 वा आंतरराष्ट्रीय सामना. आधी सत्कार झाला, 38 व्या मिनिटाला त्याने पेनल्टीवर आपला 94 वा गोल केला. समोर अफगाणिस्तान होता. त्या संघाला घरच्या मैदानावर खेळताही येत नाही. पाच दिवसांपूर्वीचा त्यांचा ‘घरचा’ सामना सौदीत झाला होता आणि तोही आपण 0-0 सोडवला होता. उत्तरार्धात आपले खेळाडू मागे मागे सरकू लागले. 70 व्या मिनिटाला बरोबरी झाली, 88 व्या मिनिटाला आपण पेनल्टी दिली आणि 1-2 हरलो. माझ्या मते निर्णय त्याच आठवड्यात व्हायला हवा होता. पुढच्या सामन्याला दोन महिन्यांहून अधिक अवधी होता, नवा माणूस आणून शिबिर घेता आले असते. महासंघाने जूनपर्यंत वाट पाहिली.

जूनमध्ये छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतविरुद्ध 0-0 सुटला. मग 11 जूनला दोहा. लालियनझुआला छांगटेने 37 व्या मिनिटाला गोल केला आणि 73 व्या मिनिटापर्यंत भारत पहिल्यांदाच विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाणार, अशी स्थिती होती. तेवढ्यात चेंडू गोलरेषेबाहेर गेला. गुरप्रीत थांबला, आपले बचावपटू थांबले. कतारच्या खेळाडूने चेंडू आत ओढला, युसूफ आयमनने गोल मारला आणि पंचांनी तो मान्य केला. व्हीएआर (व्हिडिओ पंच) नव्हते. पुढे 85 व्या मिनिटाला दुसरा गोल झाला. हा उघड अन्याय होता आणि त्याची चीड आजही येते. पण मुळात शेवटच्या दिवशी कतारच्या दारात जाऊन जिंकण्याची वेळ का आली? गुवाहाटीमुळे आली. तिथे अफगाणिस्तानविरुद्ध आपण जिंकलो असतो, तर दोहाच्या बरोबरीनेही काम भागले असते.

सहा दिवसांनी हकालपट्टी झाली. पुढे थकबाकीवरून वाद पेटला, फिफाकडे जाण्याच्या गोष्टी झाल्या आणि शेवटी सुमारे 4 लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्या वयोगटांच्या स्पर्धांना पैसे नाहीत म्हणून रड असते, हे लक्षात घेतले की ही रक्कम बोचते. ऑक्टोबर 2023 च्या त्या एका सहीची ती किंमत होती.

मनोलो मार्केझ यांच्या नेमणुकीत तर प्रश्नाची दुसरीच बाजू उघडी पडली. जुलै 2024 मध्ये महासंघाने त्यांना निवडले तेव्हा ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते आणि पुढच्या मोसमभर ते दोन्ही संघ सांभाळणार होते. देशाच्या संघाला अर्धवेळ माणूस! आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, शिलाँगमध्ये मालदीववर 3-0. तोही निवृत्तीतून परत बोलावलेल्या 40 वर्षांच्या छेत्रीला घेऊन. बांगलादेशाशी 0-0. हाँगकाँगकडून इंज्युरी टाइमच्या पेनल्टीवर हार. जुलै 2025 मध्ये महासंघ आणि मनोलो यांनी संमतीने काडीमोड घेतला. पण त्याच मोसमात त्याच मनोलोंचा एफसी गोवा साखळीत दुसरा आला आणि त्यांनी सुपर कपही जिंकला. म्हणजे सकाळी गोव्याच्या मैदानावर शहाणा असलेला माणूस भारताच्या शिबिरात अडाणी होतो, असे म्हणायचे का?

क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना रोज पाहतो आणि कमतरता असेल तिथे परदेशी खेळाडू विकत आणतो. गोव्याला गोल हवे असतील तर स्पेनमधून स्ट्रायकर येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला हातात आहे तेच वापरावे लागते, आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) या क्लबांच्या स्पर्धेने त्याच्यासाठी काय तयार करून ठेवले आहे ते पाहा. 2014 पासून 2025 पर्यंत 11 मोसम झाले. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. जवळपास प्रत्येक क्लब मधला स्ट्रायकर बाहेरून आणतो आणि भारतीय आक्रमकाला बगलेवर ढकलतो. मग छांगटे, मनवीर सिंग यांच्यासारखी मुले वर्षभर विंगवर धावतात, आणि निळी जर्सी चढवली की आपण त्यांच्याकडून एकदम छेत्री व्हायची अपेक्षा करतो.

माणूस बदलण्याचा उपयोग कधी होतो आणि कधी नाही, याचा मुंबईकरांनी जवळून पाहिलेला दाखला खालिद जमील यांचा. 2009 पासून सात मोसम त्यांनी मुंबई एफसी सांभाळली. बजेट तुटपुंजे, खेळ बघायला देखणा नव्हे; कूपरेजवर कंटाळलेले प्रेक्षक मी पाहिले आहेत. पण संघ दर वर्षी आय-लीगमध्ये टिकून राहायचा. 2016 मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले. पुढच्या मोसमात मुंबई एफसीने मध्येच पुन्हा प्रशिक्षक बदलला, तरीही तळाला जाऊन पदावनती ओढवून घेतली. आणि त्याच मोसमात खालिद यांनी मिझोरमच्या छोट्याशा ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्यासोबत तिकडे गेले होते. आदल्या वर्षी खरे तर ऐझॉलचीच पदावनती झाली होती, मग त्यांना परत घेण्यात आले होते. सात वर्षे संघाला तगवून ठेवणाऱ्या माणसाची किंमत तो गेल्यावर कळली.

हेच खालिद 1 ऑगस्ट 2025 पासून भारताचे प्रशिक्षक आहेत. गोव्याच्या सावियो मडेरा यांच्यानंतर तब्बल 13 वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीवर आला. महिन्याभरात त्यांनी ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपमध्ये यजमानांना 2-1 हरवले आणि ओमानला शूटआउटवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. पण 14 ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरविरुद्ध छांगटेने 14 व्या मिनिटालाच आघाडी दिल्यावरही आपण 1-2 हरलो आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. सिंगापूरचा पहिला गोल मध्यंतराच्या तोंडावर, 44 व्या मिनिटाला झाला. आघाडी राखण्याच्या नादात मागे सरकण्याची गुवाहाटीतली खोड अजून गेलेली नाही. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने 1-0 हरवले, 22 वर्षांत पहिल्यांदा.

लगेच तोच प्रश्न आला : खालिदना काढायचे का? माझे उत्तर स्पष्ट आहे. नाही. त्यांच्या वाट्याला पात्रता फेरीचा उरलेला तुकडा आला. 2025-26 चा आयएसएल मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. सामने न खेळलेली मुले घेऊन त्यांना उभे राहावे लागले. वेळ देण्याचा आपलाच जुना दाखला पाहा. सय्यद अब्दुल रहीम 1950 पासून 1963 मध्ये निधन होईपर्यंत भारताचे प्रशिक्षक होते. त्या काळात 1951 आणि 1962 चे एशियाड सुवर्ण आले, 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आला. मधे पराभवही झाले, पण रहीमसाहेबांना दीर्घ काळ काम करायला मिळाले. अर्थात नुसती मुदत देऊन भागत नाही, स्टिमॅच यांनाही पाच वर्षे मिळाली होतीच. खालिद यांच्या करारात कोणत्या निकालांवर त्यांचे मोजमाप होणार ते लिहावे आणि जाहीर करावे, मुदतीआधी वेगळे होण्याची अट आत्ताच घालावी. आणि आयएसएलच्या प्रत्येक क्लबला दर मोसमात भारतीय सेंटर फॉरवर्डला ठरावीक मिनिटे खेळवायला भाग पाडावे. हे शेवटचे काम प्रशिक्षकाच्या हातातले नाही. ते महासंघाच्या हातात आहे.